जनान्याच्या दारातून आत: भारतातील स्त्री-डॉक्टरांचा पेशा

भारतातील स्त्री-डॉक्टरांचा इतिहास बहुधा पहिलेपणाच्या क्रमाने सांगितला जातो. पहिली पदवी कोणी मिळवली, सातासमुद्रापार आधी कोण गेली, एवढी नोंद झाली की विषय संपला, अशी सवय पाठ्यपुस्तकांनी वाचकांना लावली आहे. पदवी मिळवणे ही एका दिवसाची घटना असते, पेशा मात्र तीस-चाळीस वर्षे चालवावा लागतो, आणि त्यासाठी पद लागते, त्या पदाला साजेसा पगार लागतो, वरच्या जागेवर जाण्याची वाट मोकळी असावी लागते आणि घरसंसाराशी त्या कामाचा मेळ बसावा लागतो. या दृष्टीने पाहिले तर एक गोष्ट स्पष्ट होते: ज्या कारणाने स्त्रियांना वैद्यकाचे दार उघडून मिळाले, त्याच कारणाने त्या दाराच्या आत त्यांना किती जागा मिळणार हेही ठरून गेले, आणि त्या जागेची मापे बदलायला पुढची शंभर वर्षेही पुरली नाहीत.

हे कारण समजून घेण्यासाठी आधी इंग्लंडकडे पाहावे लागते. ब्रिटनमध्ये 1858 च्या कायद्याने डॉक्टरांची अधिकृत नोंदवही सुरू झाली, म्हणजे ज्याचे नाव त्या वहीत आहे तोच कायद्याने डॉक्टर, असे ठरले. आणि त्या वहीत नाव घालण्यासाठी ज्या परीक्षा द्याव्या लागत, त्या घेणाऱ्या संस्थांनी स्त्रियांना दारातच अडवले. 1869 मध्ये सोफिया जेक्स-ब्लेक, ईडिथ पीची आणि त्यांच्या सहकारिणी एडिंबरो विद्यापीठात शिकू लागल्या. पीचीने रसायनशास्त्रात अव्वल क्रमांकाचे यश मिळवूनही तिच्या वाट्याची शिष्यवृत्ती पुरुष विद्यार्थ्यांना देण्यात आली, आणि 18 नोव्हेंबर 1870 रोजी या विद्यार्थिनी परीक्षेला निघाल्या असता जमावाने त्यांच्यावर चिखलफेक केली. शेवटी विद्यापीठाने पदवी नाकारली ती नाकारलीच. 1874 मध्ये लंडनमध्ये स्त्रियांसाठी स्वतंत्र वैद्यकीय शाळा निघाली आणि 1876 च्या कायद्याने परीक्षक संस्थांना स्त्रियांची परीक्षा घेण्याची मुभा मिळाली. पण शिकून बाहेर पडलेल्या या स्त्रियांना मायदेशी नोकऱ्या देणार कोण, हा प्रश्न उरलाच.

त्या प्रश्नाला उत्तर म्हणून हिंदुस्थान पुढे आला. पडदा पाळणाऱ्या घरांतील स्त्रिया ज्या भागात राहत त्याला जनाना म्हणत. तेथे परपुरुषाला प्रवेश नसे, मग तो डॉक्टर का असेना. अमेरिकन मिशनरी डॉक्टर क्लारा स्वेन 1870 मध्ये बरेलीला आल्या आणि त्यांनी जनान्यात जाऊन उपचार सुरू केले. 1881 मध्ये पन्नाच्या महाराणीने एलिझाबेथ बीलबी या मिशनरी बाईंमार्फत व्हिक्टोरिया राणीला निरोप पाठवला, की आजारी पडल्यावर हिंदुस्थानातील स्त्रियांचे हाल कुत्रा खात नाही. या निरोपाचा इंग्लंडमध्ये मोठा गाजावाजा झाला, आणि 1885 मध्ये व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरिन यांनी स्त्रियांना स्त्रियांकडून वैद्यकीय मदत पुरवण्यासाठी राष्ट्रीय निधी उभा केला, जो पुढे डफरिन फंड म्हणून ओळखला गेला. यातली तळमळ खोटी नव्हती. अडलेल्या बाळंतिणी, म्हणजे बाळ आडवे आल्याने किंवा मार्ग अरुंद असल्याने ज्यांची सुटका होत नसे अशा बायका, सुईणीच्या हाताबाहेर गेल्यावर डॉक्टरापर्यंत पोहोचण्याआधीच दगावत असत. पण याच तळमळीच्या आधारे इंग्लंडमधील स्त्री-डॉक्टरांची भरती, त्यांच्या शाळेसाठी वर्गणी आणि त्यांच्या पेशाची समाजमान्यता ही सारी कामे साधून घेतली गेली, हेही तितकेच खरे आहे, आणि या व्यवहारात हिंदी स्त्रीला मुख्यतः रुग्णाची भूमिका मिळाली.

मुंबईची गोष्ट थोडी निराळी घडली, कारण तेथे पुढाकार सरकारचा किंवा मिशनचा नव्हता, तर व्यापाऱ्यांचा होता. जॉर्ज किट्रेज हे मुंबईतील अमेरिकन व्यापारी आणि सोराबजी शापूरजी बेंगाली हे पारशी समाजसुधारक या दोघांनी मिळून निधी उभारला, परदेशातून स्त्री-डॉक्टर आणायच्या, स्त्रियांसाठी रुग्णालय बांधायचे आणि ग्रँट मेडिकल कॉलेजचे वर्ग मुलींना खुले करून घ्यायचे, अशी तीन कामे एकाच वेळी हाती घेतली. पेस्तनजी होरमसजी कामा यांनी रुग्णालयासाठी मोठी देणगी दिली आणि ते स्त्री-डॉक्टरांच्याच ताब्यात राहील अशी तजवीज करण्यात आली. 22 नोव्हेंबर 1883 रोजी कामा हॉस्पिटलची कोनशिला बसली आणि 1886 मध्ये ते सुरू झाले. प्रमुख म्हणून ज्या आल्या, त्या एडिंबरोच्या चिखलफेकीतून गेलेल्या ईडिथ पीची. 1870 मध्ये ज्या बाईला परीक्षेच्या दारात अडवले गेले, तिच्या हाती मुंबईत एक अख्खे रुग्णालय सोपवले गेले, आणि तिनेही येथे आल्यावर स्त्री-डॉक्टरांना पुरुषांच्या बरोबरीचा पगार मिळावा म्हणून आवाज उठवला. कामा हॉस्पिटलचे खरे महत्त्व त्याच्या देखण्या इमारतीत नाही. हिंदुस्थानात स्त्रीला रुग्णालयाची सर्वाधिकारी होता येते याचा वर्षानुवर्षे डोळ्यांसमोर राहणारा दाखला त्याने उभा केला, हे त्याचे महत्त्व आहे.

याच सुमारास आनंदीबाई जोशी अमेरिकेत होत्या. 1865 मध्ये कल्याणला जन्मलेल्या, नवव्या वर्षी गोपाळराव जोशी यांच्याशी विवाह झालेल्या आणि चौदाव्या वर्षी दहा दिवसांचे मूल गमावलेल्या आनंदीबाईंनी 11 मार्च 1886 रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून एम. डी. पदवी घेतली. कोल्हापूर दरबाराने त्यांना आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलातील स्त्री-विभागाचे काम देऊ केले. परंतु क्षयाने पोखरलेल्या शरीराने त्या परतल्या आणि 26 फेब्रुवारी 1887 रोजी, वयाची बावीस वर्षे पुरी होण्याआधीच, पुण्यात निधन पावल्या. महाराष्ट्राने त्यांच्यावर अपार प्रेम केले आणि ते योग्यच होते. मात्र या प्रेमाच्या भरात त्यांना मायदेशी रुग्ण तपासण्याची संधीच मिळाली नाही, हे विसरले जाते. कोल्हापूरच्या त्याच हॉस्पिटलात पुढे ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेल्या कृष्णाबाई केळवकर रुजू झाल्या आणि त्यांनी तेथे स्त्रियांवर वर्षानुवर्षे उपचार केले. त्यांचे नाव आज कोल्हापूरबाहेर फारसे कोणाला ठाऊक नाही.

पेशाच्या इतिहासात खरे तर मध्यभागी उभ्या राहतात त्या रखमाबाई. त्यांचे नाव खटल्यामुळे गाजले: अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी दादाजी भिकाजी यांच्या घरी नांदायला जाण्यास नकार दिला, 1884 मध्ये पतीने मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला, 1885 मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला, आणि पुन्हा सुनावणी झाल्यावर 1887 मध्ये नांदायला जा नाही तर सहा महिने कैद भोगा, असा निकाल लागला. 1888 मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. पुढच्याच वर्षी पीची यांच्या मदतीने रखमाबाई लंडनला गेल्या, तेथील स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेत शिकल्या आणि 1890 च्या दशकाच्या मध्यात डॉक्टर होऊन परतल्या. चरित्रलेखन येथे सहसा आटोपते घेतले जाते, कारण नाट्य संपलेले असते. वास्तविक त्यांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा भाग त्यानंतरचा आहे: सुरतेच्या स्त्री-रुग्णालयात त्यांनी दोन दशकांहून अधिक काळ प्रमुख म्हणून काम केले, नंतर राजकोटच्या जनाना हॉस्पिटलची धुरा सांभाळली, आणि सुमारे पस्तीस वर्षांच्या नोकरीनंतर त्या निवृत्त झाल्या. 1955 मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या खटल्याला सत्तर वर्षे उलटून गेली होती.

या पस्तीस वर्षांतले काम कसले होते, हे कळण्यासाठी सुरतेची एक हकिकत उपयोगी पडते, जी त्यांच्याविषयी नेहमी सांगितली जाते. रुग्णालय होते, खाटा होत्या, डॉक्टरीणबाई होत्या, पण बाळंतपणाला कोणी येईना. रुग्णालयात गेलेली बाई जिवंत परतत नाही, अशी समजूत घरोघर पक्की होती. तेव्हा रखमाबाईंनी गाभण मेंढी रुग्णालयात आणवून तिथेच तिची सुटका केली, आणि मेंढी व पिल्ले सुखरूप असल्याचे पाहून बायका येऊ लागल्या. हकिकतीचा तपशील कसाही असो, अडचण नेमकी कोणती होती ते तिच्यातून कळते. पदवीमुळे मिळणारा अधिकार रुग्णाच्या दारात चालत नसतो; तेथे विश्वास लागतो, आणि तो कमावायला एका जागी टिकून राहावे लागते. विधवेसारखे आयुष्य पत्करून, पुन्हा लग्नाच्या वाटेला न जाता रखमाबाई टिकून राहिल्या. अनेकींना मात्र टिकण्याची ही सोयच मिळाली नाही.

त्याचे कारण डफरिन फंडाच्या रचनेत होते. या योजनेत स्त्री-वैद्यकांच्या पायऱ्या ठरवलेल्या होत्या: वर युरोपातून पात्रता घेऊन आलेल्या ‘लेडी डॉक्टर’, मधे येथील महाविद्यालयांतून शिकलेल्या असिस्टंट सर्जन, आणि तळाशी देशी भाषेत आखूड अभ्यासक्रम केलेल्या हॉस्पिटल असिस्टंट. कलकत्त्याच्या कादंबिनी गांगुली यांना 1888 मध्ये डफरिन रुग्णालयात महिना तीनशे रुपयांवर नेमले गेले, त्या काळात हा पगार लहान नव्हता. तरीही युरोपीय पात्रता नसल्याने त्यांना दुय्यम वागणूक मिळे. मुलाबाळांचा संसार मागे ठेवून त्या इंग्लंडला गेल्या आणि 1893 मध्ये एडिंबरो, ग्लासगो व डब्लिन येथील परीक्षा उत्तीर्ण होऊन परतल्या. त्याआधी ‘बंगबासी’ या पत्राने त्यांच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवले होते; कादंबिनींनी खटला भरला आणि संपादकाला सहा महिन्यांची कैद झाली. रात्री-बेरात्री रुग्णाकडे जाणारी बाई संशयास्पद ठरवली जाण्याची ही जुनी खोड आहे, आणि ती कोर्टात नेऊन ठेचण्याचे धैर्य कादंबिनींनी दाखवले.

तळाच्या पायरीवरचे आयुष्य हैमवती सेन यांच्या बंगाली आत्मचरित्रातून दिसते, आणि या विषयावर उपलब्ध असलेल्या साधनांत त्याच्याइतके मोलाचे दुसरे क्वचितच असेल. बालविधवा झालेल्या, पुढे ब्राह्मो समाजात पुनर्विवाह केलेल्या हैमवती कलकत्त्याच्या कँबेल मेडिकल स्कूलमध्ये शिकल्या. 1894 मध्ये परीक्षेत त्या पहिल्या आल्या आणि सुवर्णपदकावर त्यांचा हक्क होता, पण पुरुष विद्यार्थ्यांनी गदारोळ केला आणि शेवटी हैमवतींना रौप्यपदक व विद्यावेतनावर समाधान मानावे लागले. नंतर त्या चिनसुरा येथील डफरिन रुग्णालयात लागल्या. पती धर्मकार्यात रमलेले, त्यामुळे कमाई हैमवतींची, स्वयंपाक हैमवतींचा, पाच मुले हैमवतींनी वाढवायची, आणि पगार मात्र कादंबिनींच्या पगाराच्या पासंगालाही न पुरणारा. परदेशी शिकलेल्या चार-दोन नावांच्या मागे अशा शेकडो हॉस्पिटल असिस्टंट बाया जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावी काम करत होत्या, आणि स्त्रियांच्या वैद्यकीय सेवेचा खरा भार त्यांच्याच खांद्यावर होता.

वरच्या पायरीवरच्या स्त्रियाही समाधानी नव्हत्या. डफरिन रुग्णालयांवर देखरेख जिल्ह्याच्या सिव्हिल सर्जनची असे, तो बहुधा इंडियन मेडिकल सर्व्हिसमधला लष्करी हुद्द्याचा पुरुष अधिकारी असे, आणि त्या सेवेत स्त्रियांना प्रवेशच नव्हता. परिणामी, बाळंतिणीवर शस्त्रक्रिया केव्हा करायची हे ठरवणारी स्त्री-डॉक्टर आपल्याच रुग्णालयात कोणाची तरी ताबेदार असे. 1907 मध्ये कामा हॉस्पिटलच्या डॉ. अ‍ॅनेट बेन्सन यांच्या पुढाकाराने स्त्री-डॉक्टरांची संघटना स्थापन झाली. ठरलेली श्रेणी, ठरलेला पगार, रजा आणि निवृत्तीची हमी देणारी स्वतंत्र सरकारी सेवा हवी, असा तिचा आग्रह होता. 1914 मध्ये विमेन्स मेडिकल सर्व्हिस सुरू झाली खरी, पण तिचा कारभार पुन्हा डफरिन फंडाकडेच सोपवण्यात आला. मागणी अर्धीच मान्य झाली, आणि या अर्धवटपणाची जबाबदारी तेव्हाच्या सरकारवर टाकावी लागते, कारण गरज त्याला कबूल होती, दर्जा द्यायला मात्र ते तयार नव्हते.

या रचनेतून वाट काढून वर पोहोचलेली मुंबईची सर्वांत लक्षणीय स्त्री म्हणजे डॉ. जेरुशा झिराड. 1890 मध्ये शिमोग्याला बेने इस्रायली कुटुंबात, म्हणजे कोकण किनाऱ्यावर शतकानुशतके राहून मराठी झालेल्या ज्यू समाजात, त्यांचा जन्म झाला. थोरल्या बहिणीवर मुंबईत डॉ. बेन्सन यांनी केलेले उपचार त्यांनी लहानपणी पाहिले आणि डॉक्टर व्हायचे तेव्हाच ठरवले. 1912 मध्ये त्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून एल. एम. अँड एस. झाल्या, ही त्या काळची वैद्यकीय पदवीसमान परीक्षा. पण कामा हॉस्पिटलातील वरची जागा हवी तर लंडनची एम. डी. हवी, हे त्यांना समजले. टाटांच्या कर्जरूप मदतीवर त्या निघाल्या, पुढे त्यांना सरकारी शिष्यवृत्तीही मिळाली, आणि 1919 मध्ये प्रसूतिशास्त्रात लंडनची एम. डी. घेऊन त्या परतल्या. 1928 ते 1947 अशी जवळपास दोन दशके कामा हॉस्पिटलच्या अधीक्षकपदी त्या होत्या, आणि या पदावर आलेल्या त्या पहिल्या हिंदी स्त्री. त्यांनी केवळ रुग्ण तपासले नाहीत. 1937-38 मध्ये मुंबईतील मातामृत्यूंची, म्हणजे गरोदरपणात, बाळंतपणात किंवा त्यानंतरच्या काही आठवड्यांत होणाऱ्या मृत्यूंची पद्धतशीर चौकशी केली. देशभर हे प्रमाण किती भयंकर होते ते सरकारच्या आरोग्यविषयक भोर समितीच्या 1946 च्या अहवालावरून कळते: दर हजार जिवंत जन्मांमागे सुमारे वीस माता दगावत होत्या.

दरम्यान शिक्षणाची सोय वाढली. लुधियानात ईडिथ ब्राऊन यांनी 1894 मध्ये, वेल्लूरला आयडा स्कडर यांनी 1918 मध्ये स्त्रियांसाठी वैद्यकीय शाळा काढल्या, आणि दिल्लीत 1916 मध्ये लेडी हार्डिंग कॉलेज सुरू झाले. या संस्थांतून पारशी, ख्रिस्ती, ब्राह्मो आणि ज्यू मुली आरंभी अधिक संख्येने आल्या, कारण त्यांच्या समाजांत लग्न उशिरा करण्याला किंवा मुलीने कमावण्याला विरोध त्या मानाने कमी होता. मद्रासच्या मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्यासारख्या काही जणींनी तर वैद्यकातून थेट विधिमंडळापर्यंत मजल मारली. 1927 मध्ये त्या मद्रास विधान परिषदेत गेल्या आणि 1954 मध्ये अड्यारला कर्करोग संस्था उभी केली.

मात्र स्त्री-डॉक्टर म्हणजे बाळंतपणाची डॉक्टर, हे समीकरण स्वातंत्र्यानंतरही पुसले गेले नाही. एमबीबीएसच्या प्रवेशांत मुलींचे प्रमाण निम्म्याच्या घरात पोहोचले, पण पदव्युत्तर शाखा निवडताना स्त्रीरोग आणि बालरोग या विभागांत मुलींची गर्दी, आणि अस्थिरोग किंवा मेंदूच्या शस्त्रक्रियेकडे तुरळक संख्या, हे चित्र वैद्यकीय महाविद्यालयात वावरणाऱ्या कोणालाही दिसते. याला आवड म्हणणे पुरेसे नाही. जनान्याच्या दारातून आत घेतलेल्या पेशाची ही पुढे चालत आलेली आखणी आहे, आणि रजा, रात्रपाळी व वरिष्ठांचा कल यांनी ती रोज नव्याने आखली जाते.

त्याच वेळी, या नेमून दिलेल्या कोपऱ्यातच कोणी नीट मुळापर्यंत खणले तर काय हाती लागते, हे गडचिरोलीत दिसले. स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. राणी बंग आणि त्यांचे सहकारी यांनी जिल्ह्यातील दोन गावांमध्ये सर्व स्त्रियांची तपासणी करायची ठरवले; रुग्णालयात आलेल्या बायकांची नव्हे, तर गावात राहणाऱ्या, तक्रार असो वा नसो, अशा सगळ्यांची. फरक लहान वाटतो, पण शोधाचे मर्म त्यातच आहे, कारण तोवरचे ज्ञान दवाखान्याची पायरी चढलेल्या बायकांवर बेतलेले होते आणि खेड्यातली बाई ती पायरी सहसा चढतच नव्हती. 650 स्त्रियांची तपासणी झाली. त्यांपैकी 92 टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या केवळ 8 टक्के. 1989 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि जगभर खळबळ माजली, कारण गरीब देशांतील स्त्रीचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, या सरकारी समजुतीला त्यांनी सुरुंग लावला. अंगावरून पांढरे जाणे, पाळीचे त्रास, जंतुसंसर्ग हे सारे मुकाट्याने सोसणाऱ्या बायकांनी ते सांगितले, कारण ऐकणारी बाई होती आणि गावात येऊन ऐकत होती. स्त्रीला स्त्री-डॉक्टरच हवी, या एकोणिसाव्या शतकातल्या युक्तिवादात एवढा भाग निश्चित खरा होता.

आज प्रश्न प्रवेशाचा उरलेला नाही, तो कामाच्या अटींचा आहे. पदव्युत्तर शिक्षण घेणारे निवासी डॉक्टर, म्हणजे रुग्णालयातच राहून शिकता शिकता रुग्णसेवेचा मोठा वाटा उचलणारे तरुण, सलग चोवीस-छत्तीस तास ड्युटी करतात. या वर्षांतच मुलींचे लग्नाचे आणि मुलाचे वय येते, आणि बाळंतपणाची रजा घेतली की अभ्यासक्रम तेवढा पुढे ढकलला जातो. 9 ऑगस्ट 2024 रोजी कलकत्त्याच्या आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालयात ड्युटीवर असलेल्या तरुण डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून झाला, तेव्हा महाराष्ट्रासह देशभरचे निवासी डॉक्टर संपावर गेले. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन 20 ऑगस्टला राष्ट्रीय कृतिदल नेमले. त्याच्या सदस्यांत होत्या पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या व्हाइस अ‍ॅडमिरल आरती सरीन, ज्या त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिन्ही दलांच्या वैद्यकीय सेवेच्या पहिल्या स्त्री महासंचालक झाल्या. म्हणजे एकीकडे ज्या लष्करी वैद्यकीय सेवेत ब्रिटिश काळी दीर्घकाळ स्त्रीला शिरकाव नव्हता, तिच्या शिखरावर एक स्त्री बसली, आणि दुसरीकडे कृतिदलाने विचारात घ्यायच्या गोष्टींच्या यादीत न्यायालयाला स्त्री व पुरुष डॉक्टरांसाठी विश्रांतीच्या वेगवेगळ्या खोल्या, आवारात पुरेसा उजेड आणि रात्री दहा ते पहाटे सहा या वेळेत जाण्यायेण्याचे वाहन अशा नोंदी कराव्या लागल्या.